खारपाण पट्ट्यातील पांढरी टोपी : जुन्या परिचारिका गणवेशांच्या जतनाच्या प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

परिचर्या विद्यालयाच्या भांडारात वर्षानुवर्षे पडून असलेली लोखंडी पेटी आज अधिसेविका (मेट्रन) मॅडमच्या परवानगीने उघडली आणि तिच्यातील कपड्यांची यादी करण्यास सुरुवात केली. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिन जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ग्रंथालयातील काचेच्या कपाटात हे गणवेश मांडायचे ठरले आहे. पेटीत खळ दिलेल्या घडीच्या टोप्या, काळ्या पट्टीच्या व बिनपट्टीच्या, एक बक्रम (ताठपणासाठी आत घालायचे कडक कापड) घातलेली टेरीकॉटची टोपी, निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या, विद्यार्थिनींचे कॉलरचे फ्रॉक, बिब असलेले एप्रन, कापडी पट्टे आणि एका ब्रदरचा (पुरुष परिचारकाचा) पांढरा सदरा निघाला. गंजलेल्या सेफ्टी पिना व केसांचे आकडे तेवढे लगेच काढून वेगळ्या डबीत ठेवले, कारण गंजाचा डाग कापसात एकदा मुरला की तो धाग्यालाही खातो. प्रत्येक वस्तूला सुती नाडीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून तो सैल टाक्याने अडकवला आहे. शाईचा किंवा मार्कर पेनचा वापर कोणीही करू नये, आणि हाताला तेल किंवा क्रीम असताना पेटीजवळ येऊ नये, असे विद्यार्थिनींना सांगितले.

कार्यालयाच्या भिंतीवर जुन्या तुकड्यांची सामूहिक छायाचित्रे आहेत, परंतु केवळ त्यांच्यावरून गणवेशाचा इतिहास लिहिणे मला पुरेसे वाटत नाही, कारण छायाचित्राच्या दिवशी प्रत्येकीची टोपी ताठ असते. रोजची टोपी कशी होती, ती कोण धूत होते आणि कोणत्या पाण्यात धूत होते, हे कपड्यावरचे डाग, शिवणी आणि खळच सांगू शकतील. म्हणून या कामात धुलाईकडे अधिक लक्ष द्यायचे ठरवले आहे.

१२ फेब्रुवारी २०२४

खळ म्हणजे अखेर पिष्ट, आणि पिष्ट हे कसरीचे आवडते खाद्य आहे. दोन टोप्यांच्या घड्यांमध्ये कसरीने कापड खरवडल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्यामुळे जी वस्तू दीर्घकाळ ठेवायची, तिच्यातील खळ काढून टाकणे आवश्यक आहे, आणि त्याआधी ती कोणत्या कपड्यांत शिल्लक आहे हे पाहणेही ओघानेच आले. शिवणीच्या आतील सुटलेला धागा चिमट्याने घेऊन काचपट्टीवर ठेवला आणि त्यावर ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरील पोव्हिडोन आयोडीन पातळ करून एक थेंब टाकला. जवळजवळ सर्व सुती टोप्यांचे धागे निळे-काळे झाले. बक्रमच्या टोपीवरील टेरीकॉटचा धागा मात्र औषधाच्याच तपकिरी रंगाचा राहिला. शाळेत बटाट्याच्या कापावर केलेली परीक्षा ती हीच. थेंब धाग्यावरच टाकायचा, कापडावर कधीही नाही, हे मी दोनदा बजावले, कारण आयोडीनचा डाग स्वतःच एक नवे काम होऊन बसतो.

दुसरी तपासणी नोटा पारखण्याच्या जांभळ्या दिव्याखाली केली. काही टोप्या निळसर पांढऱ्या चमकल्या, तर काही मंदच राहिल्या. टिनोपालसारखी चमक आणणारी द्रव्ये धुलाईत १९४० च्या दशकापासून आली आणि पुढे ती साबणाच्या पावडरीतच मिसळली जाऊ लागली. साध्या निळीने असे चमकणे होत नाही. टोपी कधी शिवली हे या चमकेवरून कळत नाही, परंतु ती शेवटी कशात धुतली गेली असेल याचा अंदाज येतो. मंद राहिलेल्या टोप्या सर्वांत जुन्या घडीच्या आहेत, हे शिवणीशीही जुळते.

२० फेब्रुवारी २०२४

आज पाण्याचा प्रश्न सोडवायचा होता. आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारट असते, आणि वान धरणाचे पाणी नळाने येऊ लागण्यापूर्वी रुग्णालयाची सगळी धुलाई विहिरीवरच चालत असे. खाऱ्या व जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणाचा चिकट साका तयार होऊन तो कापडाच्या विणीत बसतो, आणि पांढऱ्या कपड्यावर कितीही मेहनत घेतली तरी तो हळूहळू भुरकट होत जातो. पेटीतील साड्यांचा करडेपणा जुनेपणामुळे आहे असे पाहणाऱ्याला वाटेल, पण माझ्या मते त्यातील मोठा वाटा या साक्याचा आहे, कारण शिवणीच्या आत दुमडलेला, पाणी कमी पोचलेला भाग अजूनही बऱ्यापैकी पांढरा आहे.

प्रत्यक्ष धुलाईसाठी सुरुवातीला आर.ओ. चे आणि शेवटच्या खळबळण्याला ऑटोक्लेव्हसाठी (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रासाठी) येणारे डिस्टिल्ड पाणी वापरले. कपडा मच्छरदाणीच्या तुकड्यावर पसरवून, सौम्य द्रव साबण विरघळवलेल्या कोमट पाण्यात उथळ घमेल्यात ठेवला, आणि न घासता, न पिळता, स्पंजाने दाबत पाणी बदलत गेलो. पहिले पाणी चहासारखे निघाले. साडी पाण्यात टाकण्यापूर्वी निळ्या काठावर ओला पांढरा कापूस दाबून रंग जातो का ते पाहिले. एका साडीचा रंग किंचित उतरला, म्हणून ती धुतलीच नाही, केवळ मऊ ब्रशने झाडून ठेवली.

गंजाच्या डागांवर लिंबू आणि मीठ लावण्याचा आग्रह विद्यार्थिनींनी धरला होता. घरी तो उपाय ठीक आहे, परंतु पुडीतली निळ ही अल्ट्रामरीन असते आणि आम्लाने ती फुटते, सडक्या अंड्यासारखा वास येऊन रंग नाहीसा होतो. म्हणजे लिंबू लावलेल्या जागी निळीचा पुरावाही गेला असता. शिवाय टोपीच्या दोन्ही बाजूंचे आणि मागचे गंजाचे ठिपके आकडे कुठे खोवले जात होते हे दाखवतात. ते तसेच राहू दिले आहेत. आतल्या कडेचा तेलाचा पिवळा पट्टाही जाणार नाही, तो जुना होऊन कापडाचाच झाला आहे. ब्लीचचा विचारही केला नाही. वॉर्डात सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट योग्य आहे, पण जीर्ण कापसावर तोच घातक ठरतो.

४ मार्च २०२४

रुग्णालयाची धुलाई ज्यांच्या घराण्याने सांभाळली, त्या निवृत्त वरठीकाकांना आज विद्यालयात बोलावले होते. या प्रकल्पात मला मिळालेली सर्वांत मोलाची माहिती त्यांच्याकडचीच आहे, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवते.

खळ तीन प्रकारची असे. एप्रनला भाताची पेज, साडीला साबुदाण्याची आणि टोपीला आरारोटची. आरारोट आधी थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायचे, त्यावर उकळते पाणी धारेने ओतत ढवळायचे, आणि ते दुधाळ रंग सोडून काचेसारखे पारदर्शक झाले की उतरवून मलमलीतून गाळायचे. गरम असतानाच त्यात मेणबत्तीचा लहानसा तुकडा विरघळवायचा म्हणजे इस्तरी चिकटत नाही, आणि चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) घातला की कापडावर तकाकी येते. क्रमही ठरलेला असे : धुणे, दोनदा खळबळणे, निळ, मग खळ, आणि अर्धवट वाळल्यावर इस्तरी. निळ फडक्याच्या पुरचुंडीतूनच पाण्यात हलवायची, नाहीतर न विरघळलेला कण कपड्यावर बसून निळा ठिपका पडतो. काका म्हणाले, "कांजी पातय झाली तं टोपी मान टाकते, अन् घट्ट झाली तं इस्तरीले चिकटते. साडीचं चालून जाते, टोपीचं नाही चालत बाप्पा."

खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर केलेली खळ पावसाळ्यात दगा देत असे, कारण कापडात राहिलेले क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि सकाळी ताठ घातलेली टोपी दुपारच्या फेरीपर्यंत कोपऱ्यांतून वाकते. त्यावर वसतिगृहातील मुलींनी काढलेला तोडगा असा की, टोपीपुरते पावसाचे पाणी टिनाच्या पन्हाळीखाली रांजणात साठवायचे आणि शेवटचे खळबळणे व खळ त्या पाण्यात करायची. उन्हाळ्यात तर इस्तरीचीही गरज नसे. खळीत भिजवलेली टोपी ड्युटी रूमच्या खिडकीच्या काचेवर आतून चापून-चोपून चिकटवायची. वैशाखात ती पाहता पाहता वाळून आपोआप सुटते, आणि काचेकडची बाजू इस्तरीपेक्षाही गुळगुळीत निघते. आमच्या दोन टोप्यांची एकच बाजू चकचकीत का, याचा उलगडा मला त्यामुळे झाला.

रक्ताच्या डागांविषयी त्यांचे म्हणणे असे की, गावचे खारे पाणी निदान तेवढ्यासाठी कामाचे होते. मिठाच्या थंड पाण्याने ताजे रक्त सुटते हे खरे आहे. परंतु माझ्या मते त्यात मिठापेक्षा थंडपणाचे महत्त्व अधिक, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने गोठून डाग पक्का बसतो. पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग मात्र कुठल्याच विहिरीच्या पाण्याने जात नसत, आणि एका एप्रनवर ते आजही आहेत.

१४ मार्च २०२४

कपाटातील मुख्य फलकासाठी पूर्वपीठिकेचा मजकूर लिहिला. जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे १८३६ मध्ये रुग्णसेविकांची संस्था सुरू झाली. तेथील सेविका, त्या काळच्या युरोपातील विवाहित स्त्रियांप्रमाणे, केस झाकणारी पांढरी टोपी घालीत. नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये तेथे शिक्षण घेतले आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाचे विद्यालय सुरू झाले. पुढे टोपी लहान होत गेली. जिचे काम केस झाकण्याचे होते, ती शेवटी डोक्याच्या वरच्या भागावर आकड्यांनी टेकवलेली घडी उरली, आणि तिच्याखाली अंबाडा पूर्ण उघडा राहू लागला. स्वच्छतेचे साधन हे तिचे स्थान तेव्हाच संपले होते असे मी मानते. त्यानंतर ती दर्जा दाखवणारी खूण होती. घडीवरून संस्था ओळखू येई, पट्टीवरून शिक्षणाचे वर्ष. आमच्या पेटीतील पट्ट्या रेशमी फितीच्या आहेत, आणि त्या शिवलेल्या नसून खळीनेच चिकटवलेल्या आहेत, म्हणजे धुताना काढून पुन्हा लावता याव्यात.

दीपप्रज्वलनाच्या वेळी विद्यार्थिनी जी नाइटिंगेल प्रतिज्ञा घेतात, ती त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १८९३ मध्ये एका समितीने ती तयार केली. हे फलकावर घालावे की नाही यावर थोडी चर्चा झाली. घातले आहे.

२६ मार्च २०२४

कालच्या धुळवडीचे रंग सर्वांच्या नखांत आहेत. काम बंद ठेवून पेटीची किल्ली कार्यालयात दिली.

८ एप्रिल २०२४

पंचक्रोशीतील उपकेंद्रांवर आणि नंतर रुग्णालयात काम केलेल्या एका निवृत्त परिसेविकांना (वॉर्डप्रमुख सिस्टरना) भेटण्यासाठी त्यांच्या गावी गेले. गणवेशाच्या पांढऱ्या रंगाविषयी पुस्तकात फक्त स्वच्छता लिहिलेली असते, पण खेड्यात त्याचा अर्थ निराळाच होता. पांढरे लुगडे हे त्या काळी विधवेचे वस्त्र, आणि बाळंतिणीच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकणारी बाई नखशिखान्त पांढऱ्या वस्त्रात यावी, हे कोणत्याही सासूला रुचणारे नव्हते. "म्हातारी दारातच अडवे," त्या सांगत होत्या. "म्हणे, बाई, तू सवाशीण आहेस ना, मग असं काहून नेसून आलीस?" त्यावर उपाय म्हणून त्या ठसठशीत कुंकू लावीत, साडीचा निळा काठ दिसेल असा पदर घेत, आणि पहिल्या भेटीला तर रंगीत पातळावर केवळ पांढरा एप्रन बांधून जात. नियमात हे बसत नव्हते. वरिष्ठांनी कधी हटकले नाही, असेही त्या म्हणाल्या, आणि त्यावरून वरिष्ठांनाही गाव कळत होते असे मला वाटते.

बांगड्यांचा पेच याहून अवघड होता. हिरव्या चुड्याखाली हात नीट धुतला जात नाही; काचेची बांगडी फुटली तर हातमोजा फाटतो आणि रुग्णाला इजा होते. परंतु सौभाग्यवतीने बांगड्या उतरवून ठेवणे हे घरच्यांना पांढऱ्या साडीहूनही अशुभ वाटे. प्रसूतीच्या वेळी त्या बांगड्या कोपरावर सरकवून फडक्याने बांधून टाकीत.

साड्यांपैकी एक खादीची आहे आणि ती त्यांचीच निघाली. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जिची स्थापना १९६९ ची आहे, खादी वापरण्याचा दंडक आहे. यांनी मात्र खादी स्वतःच्या हौसेने घेतली होती. हातकताईच्या सुतात जाड-बारीकपणा असल्याने ते खळ अधिक पिते आणि ती सगळीकडे सारखी बसत नाही. साडीला त्याने काही बिघडत नाही, पण टोपीची सरळ कड खादीत येत नाही. एकदा शिवून पाहिली, असे त्या हसत म्हणाल्या.

१९ एप्रिल २०२४

नियमांतील बदलांचा फलक लिहिणे सर्वांत कठीण गेले, कारण सर्वजण एकच कारण सांगतात की टोपीने जंतुसंसर्ग होतो, म्हणून ती गेली. टोपी सलाईनच्या स्टँडला, मच्छरदाणीला अडकते, ती सावरताना हात वारंवार डोक्याकडे जातो, आणि खळ देण्याचा खटाटोप असल्याने ती साडीइतकी वारंवार धुतली जात नाही, हे सगळे खरे आहे. पण गणवेशावरील जंतूंमुळे रुग्णांना संसर्ग होतो याला निर्णायक पुरावा नाही, असे इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये केलेल्या आढाव्यातच म्हटले होते. त्याच वर्षी तेथे कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम आला, तो मुख्यतः हात नीट धुता यावेत म्हणून. मनगटावर घड्याळ नाही, साध्या वेढ्याखेरीज अंगठी नाही, लांब बाही नाही. आमच्या जुन्या फ्रॉकच्या बाह्या मुळातच कोपराच्या वर आहेत आणि घड्याळ छातीवर उलटे लावण्यासाठी काज केलेले आहे, हे मी विद्यार्थिनींना मुद्दाम दाखवले.

माझ्या मते टोपी जाण्याची कारणे अधिक घरगुती आहेत. टेरीकॉट आले आणि ते खळ पीत नाही, म्हणून बक्रम घालावा लागला. बक्रमची टोपी गरम पाण्यात धुता येत नाही, त्यामुळे ती पुसून वापरली जाऊ लागली, आणि पेटीतील त्या टोपीची आतली बाजू पाहिल्यावर कोणीही तिच्या बाजूने बोलणार नाही. परिचर्येत मुलगे आले आणि त्यांना टोपी नव्हती, तेव्हा दर्जाची खूण म्हणून टोपीचा युक्तिवाद लंगडा पडला. आणि कष्टांचे काय? वरठीकडे रुग्णालयाच्या चादरी जात. स्वतःचा गणवेश बहुतेक जणी रात्रपाळीनंतर स्वतःच धूत. भत्ता कुठे होता, कुठे नाममात्र होता. केंद्र सरकारच्या सेवेतील परिचारिकांना १ जुलै २०१७ पासून दरमहा १८०० रुपये गणवेश भत्ता लागू झाला. खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांतील मुलींना असा आधार सहसा नसतो.

आमच्याकडे साडीऐवजी सलवार-कमीज, पुढे सदरा-पँट आली, टोपी आधी ऐच्छिक झाली आणि २०२० मध्ये कोविडच्या संरक्षक पोशाखाच्या टोपडीखाली तिला जागाच उरली नाही. त्यानंतर ती परत घालावी असे कोणी सुचवलेही नाही. काही ज्येष्ठ भगिनींना याचे दुःख आहे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना आता सिस्टर कोण आणि सफाई कर्मचारी कोण हे ओळखता येत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. मोठ्या अक्षरांतील नामपट्टीने तो प्रश्न सुटतो. रंगीत सदऱ्यावर डाग दिसत नाहीत, याची मला अधिक काळजी वाटते. पांढऱ्यावर डाग दिसला की तो बदलावाच लागत असे. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयीन कपड्यांच्या गरम धुलाईसाठी ७१ अंश सेल्सिअस आणि २५ मिनिटे दिली आहेत, आणि घरच्या बादलीत ते साधत नाही.

२ मे २०२४

जुन्या टोप्या आता खळीविना मऊ आहेत आणि त्यांना पुन्हा ताठ करायचे नाही. त्यामुळे कपाटात ताठ टोपी दाखवण्यासाठी जुन्या टोपीवरून कागदी नमुना काढून केंब्रिकची नवी टोपी शिवली. कापड आधी दोनदा धुऊन त्यातील गिरणीची खळ काढावी लागली. काकांच्या कृतीने आरारोट शिजवले, एक टोपी नळाच्या पाण्यातील खळीत आणि दुसरी विहिरीच्या पाण्यातील खळीत भिजवून खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवल्या. बाहेर ऊन मी म्हणत होते. दोन्ही लवकरच सुटून आल्या. विहिरीच्या पाण्याची टोपी कडेला पांढुरकी फुलली होती आणि बोटाला खरखरीत लागत होती. दोन्ही टोप्या कपाटात ठेवणार आहोत, पाऊस सुरू झाल्यावर कोणती आधी वाकते ते सर्वांना पाहता येईल. घडी घालून आकडे खोवण्याचे प्रात्यक्षिक निवृत्त परिसेविकांनी स्वतः येऊन दाखवले. तिसऱ्या वर्षाच्या मुलींची बोटे बँडेजला सरावलेली असल्याने त्यांना ते चटकन जमले.

१० मे २०२४

मांडणी पूर्ण झाली. जुन्या टोप्यांच्या आत धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीचे सैल बोळे भरले आहेत, म्हणजे घडीच्या रेषेवर ताण येणार नाही. साड्या घडी न करता मांजरपाट गुंडाळलेल्या नळीवर गुंडाळल्या. कपाटातील दिवा काढून टाकला आणि दक्षिणेकडील खिडकीला पडदा लावला. डांबराच्या गोळ्या कपड्याला लागू नयेत म्हणून त्या पुरचुंडीत, तळाच्या कप्प्यात आहेत. ब्रदरचा सदरा मधल्या फळीवर, टोपीच्या बरोबरीने ठेवला. त्यावर अधिसेविका मॅडमनी आधी आक्षेप घेतला होता, नंतर मान्य केले.

धुलाईचा फलक काकांच्या शब्दांत, वऱ्हाडीतच लावला आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कसर पाहणे, बोळे बदलणे आणि नळीवरील साड्या उलट बाजूने गुंडाळणे हे काम दुसऱ्या वर्षाच्या वर्गाकडे दिले असून, त्याची वही कपाटाच्या खणात ठेवली आहे.